वाचणारा वेगळा, विकत घेणारा वेगळा

माझ्या पलंगाखाली एका कवितासंग्रहाच्या २६० प्रती आहेत. संग्रह माझाच. छापल्या होत्या ५००. प्रकाशनाच्या दिवशी ११० खपल्या, ९० ‘सप्रेम भेट’ लिहून सही करून वाटल्या, ४० एका विक्रेत्याकडं ठेवायला दिल्या. त्या बारा वर्षांत विकल्या गेल्याचं कळलं नाही आणि परतही आल्या नाहीत. उरलेल्या पलंगाखाली. दर दिवाळीला झाडलोट करताना बायको विचारते, “ह्यांचं काय करायचं?” आणि मी म्हणतो, राहू देत की.

पुष्कळ वर्षं मी याचं खापर वाचकांवर फोडलं. आजकाल वाचतंय कोण, सीमाभागात मराठी पुस्तकाला विचारतंय कोण, ही वाक्यं मलाही पाठ होती. पुढं बेळगावच्या शहापुरात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्याचं, आणि लोकांची पुस्तकं छापायला तयार करून देण्याचं काम सुरू केलं. दुसऱ्यांची हस्तलिखितं हाताखालून जायला लागली, तेव्हा हळूहळू उजेड पडला. प्रकाशनाला पुस्तक घेणारे ते ११० जण वाचक नव्हतेच. त्यात भाऊबंद होते, कॉलेजातले सोबती होते, गल्लीतल्या मंडळाची पोरं होती आणि वडिलांचे दोन देणेकरी होते. सगळे भिडेखातर आलेले. भिडेनं पहिली प्रत खपते. दुसरी खपायला पहिली कुणीतरी वाचावी लागते.

पुस्तक ज्याच्यासाठी असतं त्या वाचकाला पुस्तकाच्या धंद्यात ‘टार्गेट ऑडियन्स’ म्हणतात. शब्द ऐकला की कुणावर तरी बंदूक रोखल्यासारखं वाटतं, पण आतला प्रश्न साधा आहे: हे पुस्तक नेमकं कुणाच्या हातात पडावं? हा प्रश्न जाहिरातीचा आहे असं समजून लोक तो छपाई झाल्यावर विचारतात, आणि तिथंच घोटाळा होतो. तो लिहितानाच विचारायचा असतो. वाचक ठरला की शब्द कुठले वापरायचे, कशाचा अर्थ सांगायचा आणि काय न सांगता सोडायचं, पानं किती, अक्षर केवढं, किंमत किती, विकायचं कुठं, हे सगळं त्याच्या मागोमाग ठरत जातं. तो ठरला नाही तर यातली प्रत्येक गोष्ट छापणारा आपल्या सोयीनं ठरवतो. छापणारा म्हणजे मी. आणि माझी सोय ही तुमच्या वाचकाची सोय असेलच असं नाही.

समस्त मराठी बांधवांसाठी

मध्यंतरी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले एक निवृत्त मास्तर ३०० पानांचं हस्तलिखित कापडी पिशवीत घालून आले. आठवणी होत्या. लहानपण, चौथीपर्यंतची शाळा, भाताची शेती, पावसाळ्यात आठ-आठ दिवस तुटणारा रस्ता, पुढं नोकरी, बदल्या, संघटनेचं काम. अक्षर मोत्यासारखं. मी विचारलं, “मास्तर, हे कुणासाठी लिहिलंय?” ते क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “समस्त मराठी बांधवांसाठी.”

त्यांना हसू नका. आमच्याकडं हे उत्तर आपसूक येतं, आणि त्याला कारण आहे. इथं साहित्य आणि चळवळ एकाच मांडवात वाढली. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन बेळगावात भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव याच गावात झाला. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत आम्ही अलीकडं, म्हणजे आजच्या कर्नाटकात, राहिलो. तेव्हापासून मराठीत पाटी लावणं हीसुद्धा इथं एक भूमिका असते, तिथं पुस्तक छापणं तर असणारच. म्हणून लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकटा वाचक येत नाही, समाज उभा राहतो. समाज सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो, भाषण करतो. रात्री जेवणं झाल्यावर दिव्याखाली पान उलटायला मात्र एकटाच माणूस बसतो.

मग मी मास्तरांना आकडे मांडून दाखवले. तुम्हीही कागद घेऊन बसा, कारण हा हिशेब बेळगावच्या लेखकानं एकदा तरी करायला हवा.

२०११च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजारांच्या वर होती. त्यात मातृभाषा मराठी सांगणारे साधारण पाचांतला एक, म्हणजे नऊ लाखांच्या आसपास. आकडा ऐकून छाती फुगते. पण हा बोलणाऱ्यांचा आकडा आहे, वाचणाऱ्यांचा नाही. त्यात पाळण्यातली बाळं आली आणि निरक्षर आज्ज्या आल्या. आणखी एक मोठा गट आला, ज्याच्याबद्दल आपण मोकळेपणानं बोलत नाही: घरात मराठी बोलणारी, पण कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली माणसं. त्यांना देवनागरी येते, कारण शाळेत हिंदी होती. अक्षर ओळखता येतं. पण अक्षर ओळखणं आणि २०० पानं सुखानं वाचणं यात चोर्ल्याचा घाट आहे. मराठी माध्यमातली पोरगी पान संपवते तेवढ्यात हा अर्ध्यावर असतो, जोडाक्षरापाशी अडखळतो, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटते. लाज वाटली की माणूस पुस्तक मिटतो आणि ‘वेळ नाही’ म्हणतो.

हा वाचक नाहीच असं मी म्हणत नाही. तो वेगळा वाचक आहे. त्याच्यासाठी लिहायचं तर वाक्यं आखूड हवीत, अक्षर मोठं हवं, परिच्छेद छोटे हवेत, आणि शंभराच्या आतली पानं हवीत. माझ्या मते सीमाभागात आज सगळ्यांत मोठी रिकामी जागा हीच आहे, आणि आम्ही सगळे ती सोडून पुण्याच्या समीक्षकासाठी लिहीत बसलोय. असो.

उलट बाजूही बघा. वाचक जिल्ह्याच्या हद्दीत संपत नाही. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात, पण तिथल्या माणसाचा लग्नाचा बस्ता, दवाखाना आणि पोरांचं कॉलेज बऱ्याचदा बेळगावातच. गोव्यात मराठी वाचणारी पुष्कळ मंडळी आहेत, आणि खानापूरच्या कित्येक घरांतलं एक तरी माणूस तिकडं कामाला असतं. पुण्या-मुंबईत गेलेल्यांची तर मोजदादच नको. राज्याची सीमा नकाशावर आहे. पुस्तक मात्र एसटीच्या, कामाच्या आणि सोयरिकीच्या वाटेनं जातं. आपल्या पुस्तकाचा वाचक शोधताना या वाटा आधी बघायच्या.

तीन माणसं, एक पुस्तक

आता जरा अवघड भाग, पण सगळ्यांत कामाचा. ‘वाचक’ म्हणताना आपण तीन वेगळी माणसं एका शब्दात कोंबतो. एक पुस्तक वाचणारा. दुसरा त्याचे पैसे मोजणारा. तिसरा ‘हे घे, चांगलं आहे’ असं सांगणारा. कधी तिन्ही एकच असतात, बहुतेक वेळा नसतात.

लष्करातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी भरतीच्या तयारीवर छोटं पुस्तक लिहिलं होतं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळं आसपासच्या गावांत पहाटे रस्त्यानं धावणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. वाचणारी ती पोरं, विशीच्या आतबाहेरची. पैसे देणारा बाप, जो शेतात किंवा कारखान्यात आहे आणि पुस्तक उघडूनही बघणार नाही. सांगणारा कोण? पोरांना मैदानावर पळवणारा प्रशिक्षक. सुभेदारसाहेब वर्तमानपत्रात जाहिरात द्यायला निघाले होते. मी म्हटलं, त्या पैशात २० प्रती प्रशिक्षकांना फुकट द्या, आणि मलपृष्ठावर स्वतःच्या पदकांची यादी छापू नका, आत काय आहे ते छापा: धावण्याचा आठवड्याचा तक्ता, वैद्यकीय तपासणीत पोरं कुठं बाद होतात, कागदपत्रं कुठली लागतात. पदकांची यादी बापाला आवडेल, पण बाप पुस्तक निवडत नाही, फक्त पैसे देतो. त्यांनी दोन्ही केलं. पदकंही छापली. सुभेदार आहेत, ऐकणार कसे?

बालसाहित्यात हे आणखी गुंतागुंतीचं होतं. वाचणारं पोर आठ वर्षांचं, घेणारी आई, सांगणाऱ्या बाई. आमच्याकडं त्यात भर ही की आई मराठी शाळेत शिकलेली आणि पोर इंग्रजी शाळेत जाणारं. तिला पोराला मराठीची गोडी लावायची असते. म्हणजे ती गोष्ट विकत घेत नसते, तिच्या मनातली एक काळजी मिटवायला आलेली असते. मग मुखपृष्ठावर पोराला आवडेल असा हत्ती हवा, आणि मागं आईला दिसेल असं एक वाक्य हवं की जोडाक्षरं न आलेल्या मुलालाही हे वाचता येईल. अर्थात आत खरंच तसं असलं पाहिजे. एका बालकवितांच्या पुस्तकात पहिल्याच ओळीत ‘निसर्गसौंदर्य’ होतं. तिथंच ते पोर गेलं.

हे काही नवं शास्त्र नाही, आणि लांबूनही आलेलं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं होतं. पुढं लोखंडी नांगर वगैरे करायला लागले आणि १९१०मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना नेला. तिथून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं ते कारखान्याचं पत्रक म्हणून. नंतर त्याचं सगळ्यांनी वाचावं असं मासिक झालं. आता एवढं चालणारं मासिक हाताशी असताना त्यातच बायकांसाठी चार पानं वाढवता आली असती. तसं न करता त्या घरानं १९३०मध्ये ‘स्त्री’ हे वेगळं मासिक काढलं आणि १९३४मध्ये तरुणांसाठी ‘मनोहर’. एकाच छताखाली तीन मासिकं, कारण वाचणारी माणसं तीन तऱ्हेची. टार्गेट ऑडियन्स हा शब्द कानावर पडायच्या कितीतरी आधी आपल्याच मुलखातून गेलेल्या लोकांनी हे करून दाखवलं होतं.

वाचक सापडतो कसा

पुस्तकी सल्ला असा असतो: वाचकाचं वय, लिंग, शिक्षण, उत्पन्न लिहून काढा. काढा, हरकत नाही. पण ‘३५ ते ५०, पुरुष, पदवीधर, मध्यमवर्गीय’ एवढं लिहून काय कळलं? मी आणि माझा साडू दोघेही त्यात बसतो. तो वर्षाला एक पुस्तक वाचत नाही आणि मला वाचायला दुसरं काम सोडावं लागतं.

त्यापेक्षा एक प्रश्न विचारा: या माणसाच्या आयुष्यात कुठली वेळ आली की त्याला हे पुस्तक हवंसं वाटेल? सून पहिल्यांदा सासरी आली, मांडे करायचे आहेत आणि सासूला विचारायची सोय नाही. शेतजमिनीची वाटणी होणार आहे आणि कागद कन्नडमध्ये आहेत. बाप गेला आणि गावातलं घर विकायला काढलंय. पोर जर्मनीला गेलं आणि नातवाशी मराठी कशी बोलायची कळत नाही. वेळ सापडली की माणूस सापडतो, आणि त्याचं वय-उत्पन्न आपोआप कळतं.

ही वेळ ओळखायला घरात बसून भागत नाही. आपल्याकडं त्यासाठी एक सोय आहे जी पुण्यातल्या लेखकालाही नाही: गावोगावची साहित्य संमेलनं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी, बेळगुंदी. थंडीच्या दिवसांत एक रविवार मोकळा जात नाही. सकाळी ग्रंथदिंडी, मग अध्यक्षीय भाषण, कथाकथन, दुपारचं जेवण, कविसंमेलन. लेखक मंडळी व्यासपीठाकडं तोंड करून बसतात. तुम्ही एकदा पुस्तकांच्या स्टॉलकडं तोंड करून बसा. दोन तास. कोण थांबतं, हात कुठल्या पुस्तकाकडं जातो, उचलल्यावर आधी काय बघतात ते बघा.

मी बसलोय. बहुतेक जण पुस्तक उचलून आधी मागं वळवतात. तिथं लेखकाचा फोटो आणि पुरस्कार असतील तर ठेवून देतात. मग किंमत बघतात. मग मधलंच एखादं पान उघडतात, प्रस्तावना कुणी उघडत नाही. बायका बऱ्याचदा दोघी-दोघी येतात आणि एक दुसरीला वाचून दाखवते. म्हातारे पुस्तक हातभर लांब धरतात. शाळेची पोरं थव्यानं येतात, पन्नास रुपयांच्या आतलं शोधतात आणि शिवाजी महाराजांवरचं काही सापडलं की थांबतात. ही पाहणी शास्त्रीय नाही. पण माझ्या कवितासंग्रहाच्या मलपृष्ठावर माझा फोटो होता, हे मला त्या स्टॉलवर बसल्यावर आठवलं.

दुसरी गोष्ट, हस्तलिखितातली सलग वीस पानं झेरॉक्स करून दहा जणांना द्या. घरच्यांना नको, कारण त्यांना उद्या तुमच्याबरोबर जेवायचं असतं. ‘आवडलं का?’ असंही विचारू नका. या प्रश्नाला आपल्याकडं ‘छान आहे हो’ याशिवाय दुसरं उत्तर नसतं. विचारा: कुठं थांबलात? वाचताना कोण आठवलं? हे आणखी कुणाला द्यावंसं वाटलं? पहिल्या प्रश्नानं पुस्तक सुधारतं. तिसऱ्या प्रश्नानं वाचक सापडतो.

मास्तरांनी वीस पानं दहा जणांना दिली. सहा जणांनी तिसऱ्या प्रश्नाला जवळपास एकच उत्तर दिलं: गोव्यात फोंड्याला असलेला भाऊ, म्हापशाला असलेली बहीण, पुण्यात कंपनीत असलेला चुलतभाऊ. गाव सोडून गेलेली माणसं. संघटनेच्या कामाची पानं कुणीच शेवटपर्यंत वाचली नव्हती, फक्त एका माजी पदाधिकाऱ्यानं वाचली, स्वतःचं नाव आहे का बघायला.

वाचक ठरला, आणि पुस्तक पालटायला लागलं. ३०० पानांची १६० झाली. संघटनेचं प्रकरण गेलं. मास्तरांना फार लागलं ते, आठ दिवस आले नाहीत. हस्तलिखितात त्यांनी ‘बुत्ती’पुढं कंसात ‘प्रवासातली शिदोरी’ आणि ‘हुग्गी’पुढं ‘गव्हाची खीर’ लिहिलं होतं. ते कंस आम्ही काढले. पुण्यातल्या अनोळखी माणसासाठी कंस लागले असते. फोंड्यातल्या भावाला हुग्गी म्हणजे काय हे सांगणं म्हणजे त्याला परका करणं. संवादही त्यांनी शाळामास्तरी शुद्ध केले होते. “काय करतोस?” जिथं होतं तिथं “काय करूलास?” आलं. तेवढ्या एका शब्दानं घराचं दार उघडतं. हीच बोली एखाद्या कायद्याच्या माहितीपुस्तकात घातली असती तर मी स्वतः विरोध केला असता. बोली वापरावी की नको याचं सरसकट उत्तर नाही. समोर कोण बसलाय ते बघायचं.

बाहेर गेलेल्या माणसाला गाव आठवतं ते पावलांनी. म्हणून गावाचा हातानं काढलेला नकाशा घातला: विहीर, शाळा, देऊळ, ओढा, भातमळणीचं खळं. नकाशा ही माझ्या कामातली सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट.

थोडे पैशाचे

हिशेब उदाहरणादाखल करतो, तुमच्या छापखान्याचे दर वेगळे असतील. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मात छापलं जातं, १६० पानं म्हणजे दहा फॉर्म. समजा प्रतीमागं ८० रुपये खर्च आला आणि ५०० प्रती काढल्या: ४०,००० रुपये. किंमत २०० ठेवली. वितरक-विक्रेत्याला ४० टक्के दिले की हातात १२० येतात. खर्च निघायला ३३४ प्रती विकाव्या लागतात. १०० भेट दिल्यात तर विकायला उरल्या ४००. म्हणजे जवळजवळ सगळ्याच. तेच पुस्तक तुम्ही स्वतः २० टक्के सवलतीनं थेट वाचकाला दिलं, तर हातात १६० आणि २५० प्रतींत खर्च वसूल.

पण थेट द्यायला वाचक कुठं आहे हे ठाऊक हवं, आणि इथं वाचक ठरवण्याचा रोख फायदा दिसतो. २५० माणसांची नावं तुम्ही कागदावर लिहू शकत नसाल, किंवा ती कुठल्या पाच-सात ठिकाणी भेटतील एवढं तरी सांगू शकत नसाल, तर ५०० छापू नका. शंभर छापा. आजच्या डिजिटल छपाईत ते जमतं. प्रत महाग पडते, पण पलंगाखालची जागा मोकळी राहते.

काही जण म्हणतात, ग्रंथालयं घेतील की. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली अनुदान मिळणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, मराठी प्रकाशनाचा बराच डोलारा त्यांच्यावर उभा आहे. आपण त्या कायद्याच्या बाहेर. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८चं, महाराष्ट्रातल्या कित्येक ग्रंथालयांपेक्षा जुनं, पण ते अनुदान सीमेपाशी थांबतं. पलीकडच्या ग्रंथालयांना पुस्तक विकता येतं, नाही असं नाही. पण मग तुमचा ग्राहक ग्रंथपाल झाला, आणि त्याची वेळ, त्याची गरज पुन्हा वेगळी शोधावी लागेल.

समाजमाध्यमांबद्दल थोडकंच सांगतो, कारण त्याचं प्रस्थ गरजेपेक्षा जास्त झालंय. फेसबुकवर जाहिरात देताना गाव, वय, आवड, भाषा निवडता येते. आमच्या एका लेखकानं भाषेच्या खान्यात ‘मराठी’ टाकलं आणि खूश झाला. पण फेसबुक इंग्रजीत वापरणारी कितीतरी मराठी माणसं त्या गाळणीतून गळतात, आणि गाव सोडून गेलेली पोरं तर बहुतेक इंग्रजीतच वापरतात. अशा वेळी भाषेचा खाना मोकळा सोडून जाहिरातच मराठीत द्यावी. ज्याला वाचता येते तो थांबेल. त्याहून बरं म्हणजे गावाचे व्हॉट्सॲप ग्रुप. तिथं ‘माझं पुस्तक घ्या’ असं टाकू नका. पुस्तकातलं एक पान टाका, ज्यात त्या गावातली एखादी जागा आहे.

मास्तरांनी नकाशा टाकला. गावाच्या ग्रुपवर दोन दिवस भांडण चाललं, की ओढ्यावरचं जांभळीचं झाड शाळेच्या बाजूला होतं का देवळाच्या. कुणीतरी जुना फोटो काढून पाठवला. मास्तर चुकले होते. आम्ही छपाईआधी झाड हलवलं, आणि त्या भांडणातल्या बहुतेकांनी प्रकाशनपूर्व सवलतीत प्रती नोंदवल्या. हे ठरवून केलं होतं असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुस्तक आलं. ३०० प्रती होत्या, पाच महिन्यांत संपल्या. पण त्यातली गंमत नंतर कळली. मागवणारे सगळे चाळिशीतले, गोव्यातले, पुण्यातले, आमच्या अंदाजाप्रमाणे. पत्ता मात्र बऱ्याच जणांनी गावाकडचा दिलेला. मी एकाला फोन करून विचारलं, तुम्हाला तिकडं फोंड्याला पाठवू का? तो म्हणाला, “नको, बाबांना द्या. ते शेजाऱ्यांना वाचून दाखवतात.” म्हणजे आम्ही ज्यांना वाचक समजत होतो ते निघाले विकत घेणारे, आणि वाचणारे होते सत्तरीतले म्हातारे, पुस्तक हातभर लांब धरणारे. मी स्टॉलवर बघून आलो होतो तेच, आणि तरी अक्षर बारा पॉइंटचंच ठेवलं होतं.

दुसऱ्या खेपेला चौदा पॉइंट केलं. दोन फॉर्म वाढले, किंमत तीस रुपयांनी वाढवावी लागली. किमतीबद्दल एकानंही विचारलं नाही. म्हापशाहून एका बाईंचा फोन आला तेवढा, यापेक्षा मोठ्या अक्षरात मिळेल का म्हणून.